आयरिश क्लॅडा अंगठी: कोणी घ्यायची, कोणत्या हातात घालायची, आणि तो मुकुट कुणाचा?

केतकी_नाशिक

नमस्कार मंडळी,

माझी सून बॉस्टनची. तिच्या आईचं घराणं मूळचं आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, गॉलवेच्या बाजूचं. सुनेच्या बोटात कायम एक जुनी सोन्याची अंगठी असते. दोन हातांनी एक हृदय धरलंय आणि हृदयावर मुकुट. पणजीची अंगठी आजीकडे आली, आजीकडून आईकडे आणि आईकडून हिच्याकडे. आतल्या बाजूला नवराबायकोची आद्याक्षरं कोरलेली होती म्हणे. आता वाचता येत नाहीत, नख फिरवलं तर जरा खरखर लागते इतकंच. मुकुटाची टोकं पार गुळगुळीत झालीत आणि हृदयाची एक बाजू दुसरीपेक्षा बारीक दिसते.

पहिली नात झाली तेव्हाच विहीणबाईंनी सांगून टाकलं की ही अंगठी पुढे तिची. यंदा दुसरी नात झाली. तिच्यासाठी तशीच एक अंगठी मी घेऊन ठेवावी असं मनात आहे. सून म्हणते, खुशाल घ्या आई. पण मी जितकं वाचते तितका गोंधळ वाढतो. एक जण म्हणतं, विकत घेतलेली चालत नाही, मिळावी लागते. एक म्हणतं, टोक कुणीकडे यावर अर्थ बदलतो. माझी एक मैत्रीण तर ठामपणे म्हणाली की तो इंग्लंडच्या राजाचा मुकुट आहे, आणि आयरिश माणसं मनातून तो घालत नाहीत. त्यांच्या घरची वस्तू आहे, अर्धवट माहितीवर द्यायची नाहीये. जाणकारांनी नीट सांगावं.

बॉस्टनकर

केतकीताई, नातीबद्दल अभिनंदन!

इथे ही अंगठी खूप दिसते. अमेरिकेत आपलं मूळ आयरिश असल्याचं सांगणारे ३ कोटींच्या वर लोक आहेत आणि बॉस्टन तर त्यांचं जुनं ठाणं. दहावी-बारावीच्या वयात आई किंवा आजी मुलीला अंगठी देते, असं ऑफिसातल्या मैत्रिणींकडून ऐकलंय.

अर्थ साधारण असा सांगतात: हात म्हणजे मैत्री, हृदय म्हणजे प्रेम, मुकुट म्हणजे निष्ठा. घालायची पद्धत अशी की उजव्या हातात, हृदयाचं टोक बोटाच्या अग्राकडे असेल तर मुलगी मोकळी आहे. तेच टोक मनगटाकडे वळवलं तर मन कुठेतरी गुंतलंय. डाव्या हातात टोक बाहेर असेल तर साखरपुडा झालाय आणि आत असेल तर लग्न झालंय.

गोडबोले_आजोबा

म्हणजे बायोडेटा छापायचा खर्चच वाचला की! लांबूनच बोट बघायचं आणि पुढचं ठरवायचं. आमच्या काळी अशी सोय असती तर मधल्या माणसांना चहा-पोहे कमी मिळाले असते.

सायली_ठाणे

आजोबा, आपली माणसं बोट बघूनसुद्धा पत्रिका मागतीलच.

मीनल_डब्लिन

मी इथे नर्स आहे. बॉस्टनकरांनी सांगितलेला नियम आयर्लंडमध्येही सगळ्यांना माहीत असतो, पण तो पाळणारी माणसं कमी. कित्येक जणी लग्नाची अंगठी वेगळी घालतात आणि क्लॅडा आपली उजव्या हातात, टोक कसंही. काही जणी साखळीत ओवून गळ्यात घालतात, कारण वॉर्डात खड्यांच्या किंवा नक्षीच्या अंगठ्या चालत नाहीत.

एक आठवण सांगते. ऑपरेशनला नेण्याआधी पेशंटच्या हातातलं सगळं काढून ठेवायचं असतं. म्हातारपणी बोटांची पेरं सुजतात, अंगठी निघत नाही, मग वरून चिकटपट्टी लावायची. एका आजींच्या डाव्या हातात अशीच रुतलेली क्लॅडा होती, टोक मनगटाकडे. साबण लावून फिरवून बघितली तर म्हणाल्या, काढू नकोस आणि फिरवूही नकोस, तो गेल्यापासून ती अशीच आहे. मी पट्टी लावली आणि वर पेनने छोटा बाण काढला, म्हणजे नंतर काढताना सरकली तर कळावं. त्या बाणावर खूश झाल्या. पुढे ज्या कुणाची ड्यूटी असे तिला हात पुढे करून दाखवायच्या.

तर नियम आहे आणि ज्यांना तो मनापासून हवा असतो त्यांच्यासाठी तो खराही असतो. पण तुमची नात मोठी झाल्यावर तिने कशीही घातली तरी कुणी नाव ठेवणार नाही.

अभ्यासू_बोका

थोडा इतिहास.

एकमेकांत गुंफलेल्या दोन हातांची अंगठी युरोपात रोमन काळापासून आहे. वचनाची, विश्वासाची खूण म्हणून मध्ययुगात ती फार चालली. नंतर त्याच कुळातल्या गंमतशीर अंगठ्या निघाल्या. दोन-तीन वळी एका खिळ्यावर जोडलेली, वरचे हात उघडले की आत लपवलेलं हृदय दिसतं. म्हणजे हात आणि हृदय ही कल्पना एकट्या गॉलवेची नाही. गॉलवेचं खास म्हणजे हात गुंफलेले न ठेवता त्यांनी दोन बाजूंनी हृदय धरणं आणि वर मुकुट ठेवणं.

आज जपून ठेवलेल्या सर्वांत जुन्या क्लॅडा अंगठ्यांवर रिचर्ड जॉइस या गॉलवेच्या सोनाराचा शिक्का आहे. काळ साधारण १७००च्या आसपास. याची कथा अशी: १६७५च्या सुमारास तरुण जॉइस वेस्ट इंडीजकडे निघाला असताना अल्जीरियाच्या चाच्यांनी जहाज पकडलं. त्याला एका मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमान, सोनाराला विकलं. तिथे तो सोनारकाम शिकला. १६८९ साली तिसरा विल्यम इंग्लंडच्या गादीवर आला, त्याने आपले कैदी सोडवायला वकील पाठवला. मालकाने जॉइसला थांबवण्यासाठी एकुलती एक मुलगी आणि अर्धी मालमत्ता देऊ केली. याने नकार दिला, गॉलवेला परतला आणि दुकान थाटलं. कैदेत असताना मागे राहिलेल्या प्रेयसीसाठी ही अंगठी घडवली, असं पुढे जोडलं जातं.

शंकासुर

बोकाभाऊ, अर्धी मालमत्ता आणि मुलगी नाकारून नायक घरी येतो, इथेच माझा विश्वास उडतो. अशी गोष्ट जगातल्या प्रत्येक बंदरात सापडेल. ही कथा येते जेम्स हार्डिमनच्या गॉलवेच्या इतिहासात, आणि तो लिहिला १८२० साली. म्हणजे जॉइस परतल्यावर सव्वाशे-दीडशे वर्षांनी. एवढ्या काळात गोष्टीला किती हात लागले असतील?

शिवाय जॉइस घराण्याच्याच मार्गारेटची दुसरी कथा आहेच. तिचा पहिला नवरा डोमिंगो द रोना हा श्रीमंत स्पॅनिश व्यापारी. तो वारल्यावर ती गॉलवेला परतली आणि १५९६ साली तिथल्या महापौराशी, ऑलिव्हर ओग फ्रेंचशी, लग्न केलं. पहिल्या नवऱ्याच्या पैशातून तिने कॉनॉटमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या पश्चिम प्रांतात, पूल बांधले. एकदा काम बघत बसलेली असताना गरुडाने तिच्या मांडीवर सोन्याची अंगठी टाकली, तीच ही म्हणे. आता गरुड खरा मानायचा की चाचे?

अभ्यासू_बोका

गरुड सोडून देऊ. चाचे मात्र कथेतले नाहीत. १६३१च्या जूनमध्ये कॉर्क परगण्यातल्या बाल्टिमोर गावावर अल्जीरियाहून आलेल्या चाच्यांनी रात्री छापा घातला आणि शंभरावर माणसं, बायकामुलांसकट, उचलून नेली. फार थोडी परत आली. त्या शतकात आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या माणसाला अल्जीअर्स ही कल्पना नव्हती, भीती होती. त्यामुळे जॉइसची कैद अगदी शक्य कोटीतली आहे. प्रेयसी आणि कैदेतली अंगठी याला आधार नाही, तिथे मी तुमच्या बाजूने. पण शिक्का आहे, तो हातात घेऊन बघता येतो: रोमन लिपीतली ‘आर’ आणि ‘आय’ ही अक्षरं आणि सोबत नांगर. त्या काळी ‘जे’ऐवजी ‘आय’ कोरत.

शंकासुर

शिक्का मान्य. सोनार होता हे मान्य. बाकी मी थांबतो तिथेच.

सराफकट्टा

आमची तिसरी पिढी सोन्यात, कोल्हापूर. ही अंगठी प्रत्यक्ष पाहिलीय, एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला आणली होती. कारागिराच्या नजरेने सांगतो.

जुनी अंगठी ओतीव असते. युरोपात समुद्रफेनाच्या साच्यात ओतायची जुनी पद्धत आहे. तेच ते, माकुळाच्या पाठीतलं पांढरं हाड, आपल्याकडे किनाऱ्यावर पडलेलं असतं. दोन तुकडे घासून सपाट करायचे, मध्ये नमुना दाबायचा, वरून वाट काढायची आणि मुशीतलं सोनं ओतायचं. हाड मऊ, त्यामुळे ठसा छान उठतो. पण एकदा ओतलं की साचा जळतो, पुढच्या अंगठीला नवा. म्हणून जुन्या दोन अंगठ्या हुबेहूब सारख्या नसतात. कुठे मुकुट मोठा, कुठे हृदय पसरट, कुठे मनगटाशी बाहीची पट्टी दिसते. आता मेणाचा नमुना करून रबराच्या साच्यातून शेकडो निघतात. त्या सगळ्या एकसारख्या.

केतकीताई, घेण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, तिकडे ९, १४ किंवा १८ कॅरेट मिळेल, म्हणजे आत ३७५, ५८५ किंवा ७५० असा आकडा. आपल्या ९१६ची अपेक्षा ठेवू नका आणि त्यात कमीपणाही मानू नका. मुकुटाची टोकं बारीक असतात, बावीस कॅरेटमध्ये ती लवकर बसतात. रोज घालायची तर १४ उत्तम. दुसरं, मापाचं. ज्या अंगठीच्या पूर्ण वळ्यावर वेलबुट्टी किंवा गाठींची नक्षी असते ती पुढे मोठी करता येत नाही, नक्षी तुटते. खालची पट्टी साधी असलेली घ्या. कापून, तुकडा घालून, झाळ लावून कुणीही सराफ माप वाढवून देईल. नात आज तान्ही आहे, तिचं बोट केवढं होईल ते कुणाला माहीत?

केतकी_नाशिक

सराफकट्टा, फार उपयोगी सांगितलंत. साध्या पट्टीचं लक्षात ठेवते. मीनल, तुझ्या आजींचं वाचून बराच वेळ तिथेच थांबले.

मुकुटाचं कुणी सांगेल का? मैत्रीण अजून ऐकत नाही.

अभ्यासू_बोका

मुकुट राजनिष्ठेचा नाही, जोडीदाराशी असलेल्या निष्ठेचा. मैत्रिणीला शंका येते ती मात्र उगाच नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांविरुद्ध सशस्त्र लढा मानणारे फेनियन पुढे आले. त्यांची आयर्लंडमधली गुप्त संघटना १८५८ साली डब्लिनमध्ये सुरू झाली. त्या विचाराच्या लोकांसाठी मुकुट नसलेली क्लॅडा डब्लिनमध्ये निघाली, ती ‘फेनियन’ नावाने आजही मिळते. म्हणजे काहींना तो मुकुट खुपला हे खरं. पण म्हणून मूळ मुकुट इंग्लंडचा होत नाही. गॉलवेच्या बायका तीच मुकुटवाली अंगठी घालत राहिल्या, आणि इंग्रजांचं प्रेम त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

मालवणी_खाजा

आयर्लंडचो विषय निघालो म्हणान सांगतंय, आमच्या मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या माणसाचो झील थंय पंतप्रधान झालो, ह्या इसरू नकात! लिओ वराडकर. २०१७त पयल्यांदा. २०१९च्या डिसेंबरात गावाक येऊन गेलो, सगळ्या कुटुंबाक घेऊन.

गोडबोले_आजोबा

खाजेसाहेब, वराडकर गावी आला तेव्हा सोलकढी मिळाली की नाही ते सांगा, बाकी इतिहास बोका बघेल.

सैनिकी_सातारा

अवांतर आहे, पण गॉलवे आणि हिंदुस्थान असं नाव आलं की कॉनॉट रेंजर्सची आठवण व्हायलाच हवी. इंग्रजांच्या लष्करातली पश्चिम आयर्लंडची ही पलटण, मुख्य ठाणं गॉलवेच्या रेनमोर बराकीत. जून १९२० मध्ये जालंधरला असताना इंग्रजांच्या फौजा आपल्या आयर्लंडमध्ये काय करताहेत याच्या बातम्या घरून आल्या, आणि या शिपायांनी हत्यार उचलायला नकार दिला. लोण सोलनपर्यंत गेलं. त्यातल्या जेम्स डॅलीला २ नोव्हेंबर १९२० रोजी डगशाईच्या तुरुंगात गोळ्या घातल्या. माझे पणजोबा लष्करात होते, त्यामुळे घरात या पलटणीचं नाव आदराने घेतलं जायचं.

अभ्यासू_बोका

+१. डॅलीचे अवशेष १९७० साली आयर्लंडला नेले.

दर्यावर्दी

उशिरा येतोय. शिक्षणासाठी गॉलवेत राहिलोय, खोली क्लॅडाच्या अगदी शेजारी होती. म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. अंगठीबद्दल सगळे बोलतात, ज्या गावाच्या नावाने ती ओळखली जाते त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

कॉरिब नदी जिथे समुद्राला मिळते तिथे एका काठावर जुनं तटबंदीचं गॉलवे शहर आणि समोरच्या काठावर क्लॅडा. शहरात चौदा व्यापारी घराण्यांचं राज्य. जॉइस त्यातलेच. ही मंडळी बहुतेक नॉर्मन वंशाची, म्हणजे मूळ बाहेरून आलेली, स्पेनशी दारूचा व्यापार करणारी. तटाबाहेर क्लॅडाचे कोळी: गवताने शाकारलेली घरं दाटीवाटीने कशीही उभी, भाषा आयरिश, लग्नं आपसात, कायदा आपला. त्यांचा स्वतःचा निवडलेला ‘राजा’ असे. भांडणं तो मिटवायचा, होड्या कधी सुटायच्या हे तो ठरवायचा. बाकी होड्यांची शिडं सालीच्या रंगात बुडवून तांबडी-तपकिरी केलेली, एकट्या राजाच्या होडीचं शीड पांढरं. खाडीत बाहेरच्या माणसाने त्यांना न विचारता जाळं टाकलं तर खैर नसे. पुरुष समुद्रावर, आणि मासळी विकणं, पैसे राखणं हे बायकांचं. शहराच्या बाजूला १५८४ साली बांधलेली स्पॅनिश आर्च आहे, तिच्याजवळ त्या मासळी घेऊन बसत.

१८४०च्या दशकात आयर्लंड फिरून लिहिणाऱ्या हॉल नावाच्या दांपत्याने या बायकांच्या अंगठीची नोंद केलीय. लग्नाची अंगठी घराण्यातली, आईकडून जिचं लग्न आधी होईल त्या मुलीकडे जाणारी, पुष्कळशा फार जुन्या, असं त्यात येतं. ‘क्लॅडा अंगठी’ हे नावही साधारण त्याच काळातलं, १८३०-४० नंतरचं. त्याआधी शंभर-सव्वाशे वर्षं ही अंगठी गॉलवेचे सोनार करतच होते.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे. अंगठी घडवली तटाच्या आतल्या श्रीमंत सोनारांनी. नाव मिळालं तटाबाहेरच्या कोळिणींचं. का? तर त्यांनी ती घातली, जपली आणि मुलींना दिली.

मग १८४५चा दुष्काळ. बटाटा सडला, सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच किंवा अधिक देश सोडून गेली. क्लॅडाच्या लोकांनी जाळी आणि होडीचं सामान गहाण टाकलं, म्हणजे समुद्रात मासा असूनही पकडायला साधन नाही. जाण्याच्या भाड्यासाठी अंगठ्याही सराफांकडे गेल्या. सोडवायला कुणी आलं नाही त्या वितळल्या. म्हणून तुमच्या सुनेच्या बोटात जी आहे ती त्या सगळ्यातून वाचलेली किंवा नंतर परत हिमतीने घेतलेली, कुठलीही असली तरी मोठी गोष्ट आहे.

आणि गाव? १९३०च्या दशकात आरोग्याचं कारण देऊन जुनी घरं पाडली आणि सरकारी घरांच्या सरळ रांगा बांधल्या. आज तिथे नीटनेटका रस्ता, हिरवळ, धक्क्यावर हंस. जुन्या क्लॅडाचा एक कोपराही मला सापडला नाही. ज्या गावाचं नाव जगभर लाखो बोटांवर आहे ते गाव नकाशावर आहे आणि डोळ्यांना दिसत नाही, याचा मला तिथे राहताना सतत त्रास व्हायचा, अजून होतो.

वेसावकर

दर्यावर्दी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी वेसाव्याच्या कोळीवाड्यातला. पुरुष दर्यावर, पैसा बाईच्या हातात, पाटलाचा शब्द शेवटचा, आणि भोवती वाढलेल्या शहराला आमची घरं ‘गलिच्छ’ दिसणं, हे सगळं मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. क्लॅडाच्या लोकांनी घरं सोडताना विरोध केला का? आणि मासेमारी अजून आहे का?

दर्यावर्दी

घरांबद्दल लोकांमध्ये दोन्ही भावना होत्या असं तिथल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यातून जाणवायचं. पक्की भिंत, नळ, कोरडी जमीन कुणाला नको असते? पण शेजार तुटला. आधी दारं एकमेकांच्या दारात उघडायची, नंतर सगळी रस्त्याकडे. पोटासाठीची मासेमारी आता जवळजवळ नाही. हौशी मंडळींनी जुन्या होड्या दुरुस्त करून शर्यती मात्र जिवंत ठेवल्यात. आणि एक गोष्ट तुम्हाला आवडेल: दरवर्षी ऑगस्टमध्ये क्लॅडाच्या डॉमिनिकन चर्चचे धर्मगुरू होडीतून खाडीत जातात आणि समुद्राला आशीर्वाद देण्याची प्रार्थना करतात.

वेसावकर

ऑगस्टमध्ये! आमची नारळी पौर्णिमाही त्याच सुमाराला. दर्या शांत व्हायची वाट सगळीकडची माणसं बघतात.

शंकासुर

दर्यावर्दींचं लेखन आवडलं, पण मुद्दा राहतोच. आता ही अंगठी विमानतळावर टोप्या आणि चुंबकांच्या शेजारी मिळते. चार दिशांचा अर्थ छापलेला कागद डबीत असतो. हा चार दिशांचा नियम हॉल दांपत्याच्या काळच्या कुठल्या नोंदीत आहे? तो विसाव्या शतकात दुकानदारीबरोबर पक्का झाला. मग यात वारसा किती आणि विक्री किती?

मीनल_डब्लिन

शंकासुर, नियम नवा आहे हे मान्य करूनही मला तुमचं पटत नाही. ज्या आजींबद्दल मी लिहिलं त्यांना तो नियम डबीतल्या कागदावरून कळला असेल की आईकडून, मला माहीत नाही. पण त्यांनी तो नवऱ्याच्या मागे इतकी वर्षं पाळला. हे विक्रीत कसं मोडायचं?

बॉस्टनकर

मीनलशी सहमत. देश सोडून आलेल्या लोकांकडे काय उरतं? इथल्या तिसऱ्या-चौथ्या पिढीला आयरिश भाषा येत नाही, गाव माहीत नाही, कित्येकांना पणजोबा कुठल्या परगण्यातून आले तेही नक्की माहीत नाही. हातात एक वस्तू असते आणि ती देणारी आजी असते. आमची मुलं इथे वाढताहेत, त्यामुळे हे मला फार जवळून दिसतं.

शंकासुर

आजींचा मान राखूनच म्हणतोय. माझा आक्षेप कागद छापणाऱ्यांवर आहे, घालणाऱ्यांवर नाही.

कलकत्ता_ते_कराड

दुष्काळाचा विषय निघालाच आहे तर एक भर. त्या दुष्काळात बाहेरून जी सुरुवातीची मदत गेली त्यात कलकत्त्याचं नाव आहे. तिथल्या निधीतून सुमारे १४,००० पौंड जमले. लष्करातले आयरिश शिपाई होते तसे इथले धनिकही होते. ते पैसे कुठल्या गावात पोहोचले ते सांगता येणार नाही, पण ही गोष्ट दोन्ही देशांत फारशी शिकवली जात नाही याचं वाईट वाटतं.

दर्यावर्दी

केतकीताई, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो मागे पडलाय.

विकत घेतलेली चालत नाही ही समजूत मलाही तिथे ऐकायला मिळाली. स्वतःसाठी घेऊ नये, कुणीतरी द्यावी, असं म्हणतात. तुम्ही तर नातीला देणार आहात, म्हणजे तो प्रश्नच उरत नाही. आणि हॉल दांपत्याची नोंद पुन्हा बघा: अंगठी जिचं लग्न आधी होईल त्या मुलीला जायची. क्लॅडाच्या घरात एकच मुलगी थोडीच असायची? धाकट्यांना नवीच अंगठी लागत असणार. नाहीतर गॉलवेच्या सोनारांचं दुकान इतकी वर्षं कशावर चाललं असतं? थोरलीला घराण्यातली आणि धाकटीला नवी, यात काहीही कमी नाही.

तुम्ही आयरिश नाही याची चिंता तर अजिबात नको. अंगठीवर सगळ्यात जुना शिक्का ज्या जॉइसचा, त्याचं घराणंही बाहेरून येऊन गॉलवेचं झालेलं.

सायली_ठाणे

दर्यावर्दी, हे फार सुंदर मांडलंत. केतकीताई, आतून दोन्ही आज्यांची आद्याक्षरं कोरून घ्या ना!

केतकी_नाशिक

सायली, कल्पना इतकी आवडली की लगेच विहीणबाईंना फोन केला. त्यांना रडू आलं आणि मग हसूही, कारण आमच्या दोघींच्या नावाचं पहिलं अक्षर एकच आहे. त्या म्हणाल्या, एक रोमनमध्ये आणि एक देवनागरीत कोरू. थोरलीच्या अंगठीतली झिजलेली अक्षरं परत कोरायची का, असंही विचारत होत्या. सुनेने साफ नकार दिला, ती आहेत तशीच राहू दे म्हणाली. मैत्रिणीला मुकुटाबद्दल बोकाभाऊंचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिचं म्हणणं, मग फेनियन घे. पण विहीणबाईंच्या घरात मुकुटवालीच आहे, त्यामुळे मी तीच घेणार.

सराफकट्टा, एकच शंका. देवनागरी अक्षर इतक्या लहान जागेत कोरता येतं का? आणि तिकडून घेऊन नाशिकला कोरून घेतलं तर चालेल ना?

सराफकट्टा

येतं की. पट्टीची रुंदी तीन मिलिमीटर तरी हवी, मग शिरोरेघ आणि खालचा भाग नीट बसतो. मशीनपेक्षा हाताने कोरणारा कारागीर शोधा, नाशिकला सराफ बाजारात अजून आहेत. खोल कोरायला सांगा. वरवर ओरखडलेलं अक्षर घालण्यात जातं, खोल कोरलेलं टिकतं. आणि हॉलमार्कच्या आकड्यावरून टाकी चालवू देऊ नका, अक्षरं त्याच्या समोरच्या बाजूला घ्या. पुढे माप वाढवायचं झालं तर पट्टी बरोबर मधोमध खाली कापतात, ती जागा रिकामी सोडायला सांगा.

वेसावकर

दर्यावर्दी, त्या होड्यांच्या शर्यती कुठल्या महिन्यात असतात? मुलगा पुढच्या वर्षी कॉर्कला शिकायला चाललाय, त्याला तिकडे जाऊन बघून यायला सांगतो.

दर्यावर्दी

उन्हाळाभर, साधारण जून ते ऑगस्ट, गॉलवेच्या पश्चिमेला कोनेमारा म्हणून भाग आहे, त्याच्या किनाऱ्यावरच्या वेगवेगळ्या गावांत. कॉर्कहून गॉलवेला बस थेट आहे. आणि स्पॅनिश आर्चच्या शेजारच्या शहर संग्रहालयात जायला सांगा. तिथे जुन्या बांधणीची एक अख्खी होडी शिडांसकट छताला टांगलीय. खालून तळाचा घाट कसा आहे ते दिसतं. तुमच्या मुलाला त्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळेल.